ओडिनचे कावळे: नॉर्स परंपरेतल्या रेव्हनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेव्हन म्हणजे आपला कावळाच ना?

घराणं तेच, पक्षी वेगळा. करड्या मानेचा तो आपला गावकावळा, आणि रानाच्या कडेला दिसणारा पूर्ण काळा तो डोमकावळा. रेव्हन, म्हणजे कॉर्व्हस कोरॅक्स, या दोघांहून बराच मोठा. वजन सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे गावकावळ्याच्या जवळपास चौपट. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सुमारे चार फूट. चोच जाडजूड, गळ्याखाली विस्कटलेल्या दाढीसारखी पिसं आणि उडताना पाचरीसारखी दिसणारी शेपटी. कोशांत रेव्हनला ‘डोमकावळा’ म्हटलेलं सापडतं, पण आपण तो शब्द जंगली कावळ्यासाठी वापरतो. गोंधळ नको म्हणून इथे ‘रेव्हन’च म्हणते. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंग काळातल्या स्कँडिनेव्हियाच्या भाषेत, तो ‘ह्राफ्न’.

फरक खरा कळतो तो आवाजात. आइसलंडमध्ये थिंगवेल्लिरच्या कड्याखाली मी तो पहिल्यांदा ऐकला, तेव्हा हा पक्ष्याचा आवाज आहे हेच माझ्या लक्षात आलं नाही. रिकाम्या पिंपावर बोटाच्या पेरानं टकटक करावं तसा, आणि मधूनच खोल विहिरीत थेंब पडल्यासारखा ‘टोक्’. वर पाहिलं तर कपारीच्या तोंडाशी दोघं अगदी खेटून बसले होते. एक मान फुगवून दुसऱ्याला काहीतरी सांगत होता, दुसरा मान वाकडी करून ऐकत होता. देवाच्या खांद्यावर बसून बातम्या सांगणारे पक्षी लोकांना कुठून सुचले असतील, हा प्रश्न त्यानंतर मला कधी पडला नाही.

हुगिन आणि मुनिन कोण?

नॉर्स देवांचा प्रमुख ओडिन, त्याचे हे दोन रेव्हन. स्नोरी स्टुर्लुसन या आइसलंडच्या विद्वानानं 1220 च्या सुमारास लिहिलेल्या ‘एडा’ या नॉर्स पुराणकथांच्या ग्रंथात त्यांचं वर्णन आहे. ते ओडिनच्या खांद्यांवर बसतात आणि पाहिलेलं, ऐकलेलं सगळं त्याच्या कानात सांगतात. दिवस उजाडला की तो त्यांना जगभर पाठवतो आणि सकाळच्या जेवणाच्या वेळेला ते परत येतात. म्हणून ओडिनचं एक नाव ‘ह्राफ्नागुद’, रेव्हनांचा देव.

याहून जुनं आणि मला जास्त भिडणारं रूप ‘ग्रीम्निस्माल’ या कवितेत आहे. ओडिन वेष पालटून गेइर्रोद राजाकडे येतो. राजा त्याला ओळखत नाही. दोन धगधगत्या आगींच्या मध्ये आठ रात्री बसवून ठेवतो, अन्नपाणी देत नाही. अंगावरचा झगा पेट घेऊ लागलाय, आणि तशा अवस्थेत हा देव विश्वाची रचना सांगत सुटतो. त्यातच दोन ओळी येतात. हुगिन आणि मुनिन रोज या विशाल पृथ्वीवरून उडतात, हुगिन परतणार नाही अशी मला भीती वाटते, पण मुनिनची भीती त्याहून मोठी आहे, असा त्यांचा अर्थ. ही कविता ज्या हस्तलिखितात टिकली ते ‘कोडेक्स रेगियस’ तेराव्या शतकातलं. ते कित्येक शतकं डेन्मार्कमध्ये होतं. 1971 साली ते आइसलंडला परत आलं.

नावांचा अर्थ ‘विचार’ आणि ‘स्मृती’ असाच आहे ना? मग स्मृतीचीच काळजी जास्त का?

‘हुगिन’ हे नाव ‘हुग्र’वरून आलं, पण हुग्र म्हणजे नुसता विचार म्हणता येत नाही. मन, इच्छा, वृत्ती, हिंमत असं सगळं त्यात येतं. आपण ‘मन जात नाही’, ‘मन लागत नाही’ म्हणतो त्यातल्या मनाच्या ते जास्त जवळ आहे. ‘मुनिन’ आठवण्याच्या क्रियापदाशी जोडतात, तसंच ‘मुन्र’ या शब्दाशीही, आणि त्याचा अर्थ पुन्हा मन, ओढ. म्हणजे ही दोन नावं वेगवेगळ्या कप्प्यांत बसवलेली नाहीत, एकमेकांत मिसळलेली आहेत.

आता लोकसमजुतीकडे या. नॉर्वेच्या खेड्यांत अगदी अलीकडच्या शतकांपर्यंत असं मानत, की माणसाचा ‘हुग’ अंगाबाहेर पडून दुसऱ्यापर्यंत पोचतो. कोणी तुमच्याबद्दल जोरात विचार केला, हेवा केला किंवा तुमच्याकडे यायला निघाला, की तुमचं नाक खाजतं, शिंक येते, जांभई येते. उचकी लागल्यावर ‘कोण आठवण काढतंय गं?’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

स्नोरीच्याच ‘हेइम्सक्रिंग्ला’ या राजांच्या इतिहासामध्ये ओडिनच्या विद्येचं वर्णन आहे. त्याचं शरीर झोपल्यासारखं किंवा मेल्यासारखं पडून राही, आणि तो पक्षी, जनावर, मासा किंवा साप होऊन क्षणात दूरच्या मुलखात जाई. ही गोष्ट त्या दोन ओळींशेजारी ठेवून वाचा. मन बाहेर पाठवणाऱ्याची खरी भीती एकच, ते परत आलंच नाही तर? हुगिन हरवला तर जादू फसेल. मुनिन हरवला तर आपण कोण होतो, कुठे परतायचं होतं, हेच उरणार नाही. हा अर्थ माझा एकटीचा नाही, बरेच अभ्यासक तो असाच लावतात, आणि मला तो पूर्ण पटतो. म्हणूनच या जोडीला ‘ज्ञानाचं सुंदर प्रतीक’ म्हणून मोकळं होणं मला खटकतं. त्या ओळींत भीती आहे.

मग रणांगणाशी याचा संबंध काय? ज्ञानाचा पक्षी आणि प्रेतं खाणारा पक्षी एकच कसा?

दोन्ही एकाच गोष्टीतून आलं आहे. रेव्हनची चोच जाड असली तरी मोठ्या जनावराचं कातडं तिला फाडता येत नाही. ते काम लांडगे करतात, मागाहून रेव्हन येतात. रेव्हन लांडग्यांच्या मागावर राहतात हे आजही अमेरिकेतल्या यलोस्टोनसारख्या ठिकाणी दिसतं. माणसांच्या फौजाही त्यांना तशाच, पुढे जाऊन अन्न मोकळं करून देणाऱ्या. ज्याला लढाई कुठे होणार हे आधी कळतं, त्याला काहीतरी ठाऊक आहे, असं माणसांना वाटलं तर नवल काय? ओडिन युद्धात पडलेल्यांचा देव, त्याच्याजवळ दोन लांडगे, गेरी आणि फ्रेकी, आणि दोन रेव्हन. हे सगळं मढ्याभोवती जमणारं कुटुंब आहे.

नॉर्स दरबारी कवी शूर माणसाला ‘रेव्हनला जेवू घालणारा’ म्हणत. रेव्हनला ‘रक्ताचा हंस’ म्हणत. नवव्या शतकाच्या शेवटाला थोर्ब्योर्न होर्नक्लोफीनं नॉर्वेच्या हाराल्ड राजावर रचलेल्या कवितेत एक व्हॅल्किरी, म्हणजे रणात मरणाऱ्यांना निवडणारी ओडिनची दूती, रेव्हनला विचारते, ‘तुझ्या चोचीला मांस लागलंय, श्वासाला मढ्याचा वास येतोय, आलास कुठून?’ आणि तो अभिमानानं सांगतो, अंड्यातून बाहेर आल्यापासून आम्ही या राजाच्या मागे आहोत. राजाची याहून मोठी स्तुती त्या काळी नव्हती.

रेव्हन दिसणं शुभ की अशुभ?

लढायला निघालेल्यासाठी शुभ. ‘रेगिन्स्माल’ कवितेत ओडिन स्वतः सिगुर्ड या तरुण वीराला शकुन सांगतो, त्यात काळा रेव्हन सोबतीला असणं चांगलं म्हटलं आहे. हेल्गी या वीराचा जन्म होतो तेव्हा उंच झाडावर भुकेला बसलेला रेव्हन दुसऱ्याला म्हणतो, एक दिवसाचं हे पोर पाहा, आपले चांगले दिवस आले.

मला सर्वांत बोलकी वाटते ती हाकोन यार्लची हकिगत. डेन्मार्कच्या राजानं या नॉर्वेजियन सरदाराला जबरदस्तीनं बाप्तिस्मा घ्यायला लावला आणि सोबत पाद्री दिले. वारा अनुकूल होताच हाकोननं पाद्र्यांना किनाऱ्यावर उतरवून दिलं आणि पुढे स्वीडनमधल्या येटलंडच्या किनाऱ्याला लागून मोठा बळी दिला. तेवढ्यात दोन रेव्हन मोठ्यानं ओरडत वरून गेले. ओडिननं बळी स्वीकारला, आता यश नक्की, असं समजून हाकोननं स्वतःची सगळी जहाजं जाळली आणि फौज घेऊन जमिनीवरून लढत निघाला. कोकणात देवाला कौल लावतात आणि उजवीकडची पाकळी पडली की माणूस निर्धास्त होतो, तसाच हा कौल. फक्त इथे त्या कौलावर माणसानं परतीची वाटच जाळून टाकली.

पण हाच पक्षी मारेकऱ्यांना शापही देतो. सिगुर्डचा खून होतो, तेव्हा झाडावरचा रेव्हन ओरडून सांगतो की मोडलेल्या शपथाच तुमचा नाश करतील. शकुन चांगला की वाईट, हे ऐकणाऱ्यानं काय करून ठेवलंय त्यावर ठरतं.

रेव्हनच्या मदतीनं आइसलंड सापडला हे खरं का?

‘लांडनामाबोक’ या आइसलंडच्या वसाहतीच्या जुन्या नोंदवहीत फ्लोकी विल्गेर्दार्सनची कथा आहे. निघताना त्यानं मोठा बळी दिला आणि तीन रेव्हन विधिपूर्वक सिद्ध करून बरोबर घेतले. फॅरो बेटं मागे टाकल्यावर पहिला सोडला, तो मागच्या दिशेला निघून गेला. दुसरा आभाळात चढला आणि पुन्हा जहाजावर येऊन बसला. तिसरा सरळ पुढे गेला, आणि त्याच दिशेला जमीन होती. तेव्हापासून तो ‘ह्राफ्ना-फ्लोकी’. पुढे मासेमारीच्या नादात गवत कापायचं राहून गेलं, हिवाळ्यात सगळी जनावरं मेली, आणि बर्फानं भरलेली खाडी पाहून त्यानंच त्या बेटाला ‘बर्फाचा देश’ हे नाव दिलं.

यात जादू किती आणि नौकानयन किती, असं वेगळं काढता येत नाही. होकायंत्र नसताना उंच चढणारा, जमीन दिसली तरच तिकडे जाणारा पक्षी म्हणजे जहाजाचा डोळा. आपल्याकडच्या पाली ग्रंथांतही व्यापारी जहाजांवर ‘दिशाकाक’ नेत असल्याचे उल्लेख आहेत. एकानं दुसऱ्याकडून घेतलं असं नाही, समुद्रानं दोघांना एकच युक्ती शिकवली.

रेव्हनचं निशाण काय प्रकार होता?

अँग्लो-सॅक्सन बखरीत 878 सालच्या नोंदीत, डेव्हनमध्ये हरलेल्या डेन लोकांकडून ‘रेव्हन’ नावाचं निशाण हस्तगत केल्याचं म्हटलं आहे. बाराव्या शतकातल्या एका इंग्रजी मठाच्या बखरीनं पुढची गोष्ट जोडली. लोडब्रोक या दंतकथेतल्या डेन वीराच्या तीन मुलींनी ते एका दिवसात विणलं होतं. जय होणार असेल तर त्यावरचा पक्षी पंख फडफडवी, हार असेल तर निपचित लोंबत राही. 1016 साली डेन राजा क्नूटकडे पांढऱ्या रेशमाचं कोरं निशाण होतं, आणि युद्धाच्या वेळीच त्यावर रेव्हन उमटे, असंही एका समकालीन लॅटिन ग्रंथात आहे.

पण या सगळ्यांत स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांचा सरदार सिगुर्ड यार्ल (वरचा वीर सिगुर्ड नव्हे), त्याचं निशाण वेगळंच. शत्रू सात पटींनी जास्त आहे, काय करू, असं विचारायला तो आईकडे गेला. ती आयरिश राजाची मुलगी, जाणती बाई. तिनं सुनावलं, ‘तू कायमचा जगणार आहेस हे ठाऊक असतं तर तुला माझ्या लोकरीच्या टोपलीतच वाढवला असता.’ मग स्वतः विणलेलं निशाण त्याच्या हातात दिलं. ज्याच्यापुढे ते चालेल त्याचा जय, आणि ते जो धरेल त्याचा मृत्यू. त्या लढाईत तिघे निशाणवाले पडले आणि सिगुर्ड जिंकला.

1014 साली आयर्लंडमध्ये क्लॉन्टार्फला मात्र एकामागून एक निशाणवाले पडले, तसं ते हातात घ्यायला कोणी तयार होईना. ‘तुझं भूत तूच वाग,’ एक जण तोंडावर म्हणाला. सिगुर्डनं कापड काठीवरून सोडवलं, स्वतःच्या कपड्यांत गुंडाळलं आणि थोड्याच वेळात भाल्यानं मारला गेला. जादूच्या वस्तूला किंमत असते आणि ती कोणीतरी मोजतंच, हे या गोष्टीइतकं स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि ही जादू बायकांच्या हातमागावर, लोकरीतून तयार होते, तेही विसरू नये.

सामान्य लोकांच्या जादूटोण्यात रेव्हन कुठे येतो?

आधी एक शब्द. मंत्र म्हणून करायची जादू म्हणजे ‘गाल्द्र’, आणि तो ज्या क्रियापदावरून आला ते ‘गाला’, म्हणजे गाणं, आणि पक्ष्याचं आरवणंही. मंत्र आणि पक्ष्याची साद भाषेतच एका घरातली आहेत. ‘ओडिनचा रेव्हन-मंत्र’ अशा नावाची एक एडासारखी कविताही आहे. ती फार प्राचीन म्हणून सांगितली जाते, पण बहुतेक अभ्यासक तिला मध्ययुगानंतरची मानतात.

तोडग्यांपैकी प्रसिद्ध म्हणजे अदृश्य करणारा दगड. रेव्हनच्या घरट्यातलं अंडं काढायचं, उकडायचं आणि गुपचूप परत ठेवायचं. अंडं उबत नाही म्हटल्यावर पक्षी दुरून एक दगड आणून घरट्यात ठेवतो. तो ज्याला मिळेल तो कोणाला दिसत नाही, अशी आइसलंडमधली समजूत.

डेन्मार्कमध्ये ‘नातराव्न’, रात्रीचा रेव्हन. ज्या जागी भुताला मेख ठोकून गाडलं, तिथून ते या रूपात उठतं, आणि मेखेचं भोक त्याच्या डाव्या पंखात राहतं. त्या भोकातून वर पाहायचं नाही, अशी समजूत. तिथलाच ‘व्हालराव्न’ रणात पडलेल्या राजाचं प्रेत खाऊन अमानवी शक्ती मिळवतो. लोकगीतांत तो शापित सरदार असतो आणि सुटकेसाठी मूल मागतो. ख्रिस्ती काळात ओडिन मागे पडला, पण प्रेत आणि पक्षी यांचं नातं भुताच्या रूपानं टिकून राहिलं.

आइसलंडमध्ये आजही रेव्हनला मानतात का?

मानतात म्हणण्यापेक्षा सांभाळतात. त्याचं लाडकं नाव ‘क्रुम्मी’. शरद ऋतूत रेव्हनांची सभा भरते आणि हिवाळ्यासाठी प्रत्येक शेतघराला एक जोडी वाटून दिली जाते, अशी जुनी समजूत आहे. सभेत एखादा जास्तीचा, विनाजोडीचा उरला तर बाकीचे त्याला ठार मारतात म्हणे. आपल्या घरच्या जोडीला उरलंसुरलं मांस टाकायचं, हा रिवाज.

उत्तरेला वात्न्सदालुर खोऱ्यात स्किदास्तादिर नावाचं शेतघर होतं. तिथली एक मुलगी रेव्हनला रोज खायला घालत असे. एके दिवशी ती घास घेऊन बाहेर आली तर तो घेईना. थोडा पुढे उडायचा, थांबायचा, ती जवळ आली की पुन्हा पुढे. असं करत त्यानं तिला घरापासून लांब कुरणात नेलं, आणि मागे डोंगर कोसळून घर गाडलं गेलं. ही दरड 1545 सालची. ‘देव रेव्हनच्या वतीनं फेड करतो’ ही म्हण आइसलंडमध्ये अजून वापरतात. देव इथे ख्रिस्ती आहे, पक्षी जुनाच.

पुस्तकांपलीकडे काही पुरावा?

आहे, आणि तो पुस्तकांपेक्षा जुनाही आहे. स्वीडनमधल्या व्हेंडेलच्या दफनातल्या, सातव्या शतकाच्या शिरस्त्राणावर भाला घेतलेला घोडेस्वार आणि त्याच्याभोवती दोन पक्षी आहेत. आइल ऑफ मॅनवरच्या एका दगडी क्रूसावर एक माणूस भाला धरून उभा आहे, पाय लांडग्याच्या जबड्यात आणि खांद्याशी पक्षी. यॉर्कमध्ये 940 च्या आसपास ओलाफ गुथफ्रिथसननं पाडलेल्या चांदीच्या पेनीवर पंख पसरलेला रेव्हन आहे आणि भोवती त्याचं नाव.

माझी आवडती वस्तू डेन्मार्कमधल्या लायरं गावात 2009 साली सापडली. चांदीची मूर्ती, इसवी सन 900 च्या सुमाराची, उंची जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी. उंच पाठीचं सिंहासन, पाठीच्या टोकांना जनावरांची डोकी, सिंहासनाच्या दोन हातांवर दोन पक्षी बसलेले आणि त्यांची तोंडं बसलेल्या व्यक्तीकडे. संग्रहालयानं तिला ओडिन म्हटलं. पण अंगावरचा पायघोळ पोशाख आणि गळ्यातल्या मण्यांच्या माळा बाईच्या आहेत, म्हणून वाद अजून चालू आहे. ‘सेइद्र’ ही जादूची विद्या मुळात बायकांची मानत आणि ती करतो म्हणून ओडिनला टोमणे बसत, हे लक्षात घेतलं तर तो पोशाख इतका अनाकलनीय राहत नाही.

आज ही परंपरा पाळणारे कोण? ‘रेव्हन हा माझा मार्गदर्शक प्राणी’ असं म्हणतात ते काय?

आइसलंडमध्ये 1972 साली ‘आउसात्रूआरफेलागिद’ ही जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांची संस्था सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. युरोप-अमेरिकेत इतरही गट आहेत. ही सगळी पुनर्रचना आहे, अखंड चालत आलेली परंपरा नव्हे, आणि त्यातले प्रामाणिक लोक ते उघडपणे सांगतात.

मार्गदर्शक प्राण्याची कल्पना नॉर्स ग्रंथांतली नाही. तिथे ‘फिल्ग्या’ आहे, माणसाबरोबर जन्मापासून असणारी सोबतीण, बऱ्याचदा जनावराच्या रूपात. ती आपण निवडत नाही, आणि ती दिसली तर बहुधा मरण जवळ आलेलं असतं. गोंदवून घेण्याआधी एवढं वाचावं. रेव्हनच्या चित्राखाली हमखास येणारं ‘वेग्वीसिर’ चिन्हही व्हायकिंग काळातलं नाही, ते 1860 च्या आइसलंडी हस्तलिखितातलं आहे. आणि काही वंशवादी टोळ्यांनी ही चिन्हं पळवली आहेत. परंपरा मनापासून पाळणाऱ्यांना त्याचा मोठा मनस्ताप आहे.

लंडनच्या टॉवरमधले रेव्हन यातलेच का?

नाहीत. रेव्हन टॉवर सोडून गेले तर राज्य बुडेल, ही दंतकथा इंग्लंडची, आणि फार जुनीही नाही.

आणि आपला पिंडाला शिवणारा कावळा?

इतिहासानं जोडलेला धागा नाही. दोन्हीकडे मृत्यू आहे, पण आपला कावळा गेलेल्याची इच्छा घेऊन घासाजवळ येतो, आपण त्याची विनवणी करत बसतो. ओडिनचा रेव्हन मेलेल्यालाच खातो. शकुनाच्या बाबतीत मात्र जवळीक आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कावळ्याच्या ओरडण्यावर अख्खा अध्याय आहे, आणि ज्ञानेश्वरांच्या विराणीतला काऊ कोणाचा निरोप आणतो हे मी सांगायला नको.

रेव्हन खरंच इतका हुशार असतो?

हो. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या प्रयोगांत रेव्हनांनी पुढे लागणारं हत्यार आधीच निवडून जपून ठेवलं, हातातला लहान खाऊ सोडून नंतरच्या मोठ्या खाऊची वाट पाहिली. हे 2017 साली प्रसिद्ध झालं. खाणं लपवताना दुसरा पाहतोय का, हे ते बघतात, आणि पाहत असेल तर जागा बदलतात. मुनिनवर इतका जीव असणाऱ्या देवानं पक्षी नीट पारखून घेतले होते.

पीस सापडलं तर घरात ठेवावं का?

अमेरिकेत राहणाऱ्यांनी ठेवू नये. स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली तिथे रेव्हनचं पीस जवळ बाळगणं गुन्हा आहे, जमिनीवर पडलेलं उचललं तरी. पूजेसाठी म्हणून विकणाऱ्यांकडून तर घेऊच नका, ते कसं मिळवलं असेल कोण जाणे.

भारतात रेव्हन कुठे पाहता येईल?

लडाखमध्ये लेहच्या आसपास वर्षभर. हिवाळ्यात जायचं तर बिकानेरजवळचं जोडबीड. मेलेली गुरं आणि उंट तिथे आणून टाकतात, आणि त्यांच्यावर शेकड्यांनी गिधाडं उतरतात. वास सहन करावा लागतो. सोबत दुर्बीण ठेवा आणि गिधाडांच्या गर्दीकडे न बघता तिच्या कडेला बघा. कातडं फाटेपर्यंत थोडं अंतर ठेवून वाट पाहणारे मोठे काळे पक्षी तिथे असतात, बहुधा दोघं दोघं.